सुतळीत बांधलेल्या त्रेसष्ट कादंबऱ्या : ग्रंथ निवड समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
ग्रंथ निवड समिती.

(ग्रंथालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते पहिल्या परिच्छेदातच कळेल, आणि बाकीच्या नागपूरकरांनी आपापल्या ग्रंथालयात डोकावून बघावं.)

विषय : प्रणय व अद्भुत प्रकारातल्या कादंबऱ्यांची देवघेव बंद केल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी आपली २०११ पासूनची सभासद. नंदनवनात माझं औषधांचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी एक ते चार आमच्या रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. त्या वेळात कूलरच्या घरघरीत काउंटरमागे बसून मी कादंबऱ्या वाचते. गिऱ्हाईक आलं की गोळ्यांची रिकामी पट्टी खूण म्हणून पानात घालते आणि उठते. "काय वाचून राहिल्या ताई एवढं?" असं नेहमीचे लोक विचारतात. ड्रॅगनची गोष्ट, असं खरं सांगितलं की हसतात. हसू देत. त्यांच्या बीपीच्या गोळ्या मी न हसता देते.

गेल्या महिन्यात पुस्तक बदलायला आले तर दाराजवळच्या फलकावर आपली सूचना लागलेली : ‘प्रणयप्रधान व अद्भुतरम्य प्रकारातील नवीन इंग्रजी कादंबऱ्यांची खरेदी व देवघेव पुढील निर्णयापर्यंत बंद.’ खाली कारण, एकाच ओळीत : ‘सदर साहित्य उथळ, अवास्तव व वाचकांच्या अभिरुचीस हानिकारक आहे.’ आत गेले तर खिडकीजवळची फळी रिकामी. पुस्तकं मागच्या खोलीत जुन्या दिवाळी अंकांच्या बाजूला सुतळीनं बांधून ठेवलेली. मी मोजली. त्रेसष्ट भरली. त्यातली निम्म्याहून जास्त मी वाचलेली आहेत. अकरा तर माझ्याच मुलीनं शिकायला पुण्याला जाताना ग्रंथालयाला भेट दिलेली आहेत.

एवढं काय झालं ते काउंटरवर कळलं. उन्हाळी सुटीच्या सभासदत्वावर आलेल्या सहावीतल्या एका मुलीनं बालविभागातून एक कादंबरी घरी नेली. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर कार्टूनसारखी काढलेली दोन माणसं. आतला मजकूर मात्र सहावीच्या मुलीसाठी नव्हता. आईनं येऊन तक्रार केली. तिच्या जागी मी असते तर मीही केली असती, आणि जरा वरच्या आवाजात केली असती.

पण ते पुस्तक बालविभागात ठेवलं कोणी? पोरीनं तर नाही. मुखपृष्ठावर चित्र दिसलं की मुलांचं, ड्रॅगन दिसला की मुलांचं, या हिशेबानं पुस्तकं लावली गेली. हल्ली प्रेमकथांची मुखपृष्ठं अशीच चित्रांची असतात, आत काय आहे याचा त्यावरून पत्ता लागत नाही. मलाही पूर्वी लागायचा नाही. पण फळी लावणं हे माझं काम नव्हतं.

माझ्या दुकानात शेड्यूल ‘एच’ची औषधं असतात. पट्टीवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसतात. समजा मी झोपेच्या गोळ्या पेपरमिंटच्या बरणीत ठेवल्या आणि एखाद्या पोरानं त्या उचलल्या, तर निरीक्षक माझा परवाना बघेल. ‘गोळी हानिकारक’ म्हणून शहरातल्या सगळ्या झोपेच्या गोळ्या गोळा करून गोदामात टाकणार नाही. आपण नेमकं तेच केलंत. चूक बरणीची होती, शिक्षा गोळीला झाली.

आता ‘उथळ’ या शब्दाकडे येते. समितीतल्या कोणी ही पुस्तकं वाचली आहेत का, असं मी काउंटरवर विचारलं. उत्तर मिळालं नाही. मी वाचली आहेत, तेव्हा माझं मत मी सांगते. सगळंच चांगलं सांगणार आहे असं समजू नका.

रेबेका यॅरॉसची ‘फोर्थ विंग’ २०२३ साली आली. नायिका व्हायोलेट ग्रंथपाल होणार असते (हे आपल्याला आवडायला हरकत नव्हती), पण सेनापती असलेली तिची आई तिला जबरदस्तीनं ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात घालते. पोरगी किडकिडीत. हिसका बसला की सांधा निखळतो. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस नावाचा, सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींचा आजार आहे, आणि तो तिनं नायिकेला दिला आहे. रोज गुडघ्यांचे पट्टे आणि मलमं विकणाऱ्या बाईला हे वाचताना काय वाटलं असेल बघा. गुडघे बांधून, दात आवळून लढणारी नायिका मी तोवर वाचलीच नव्हती. तिच्यासाठी पुढे खास खोगीर बनवलं जातं. वॉकर घ्यायला लाजणाऱ्या माझ्या काही गिऱ्हाइकांना ते प्रकरण वाचून दाखवावं असं मला फार वाटतं. आणि ताकद कमी म्हणून ही मुलगी करते काय, तर द्वंद्वाच्या आधी वनस्पतींचं ज्ञान वापरून प्रतिस्पर्ध्याला थोडंसं विष चारते, मरणार नाही इतपत. मात्रेचा हिशेब! त्या पानांवर मी मोठ्यानं हसले आणि समोर खोकल्याचं औषध मागणारा माणूस दचकला.

दोषही आहेत. नायकाच्या काळ्याभोर डोळ्यांचं वर्णन दहा वेळा आलं की अकराव्यांदा मी पान उलटते. युद्धशाळेतली मुलं बोलतात अमेरिकी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसल्यासारखी. २०२५ मध्ये आलेला तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ म्हणजे तर बेटांची वारी. एक बेट झालं की दुसरं, आणि प्रत्येक ठिकाणी लक्षात न राहणारी दहा नवी नावं. दीडशे पानं सहज कापता आली असती. पण ही टीका पुस्तक वाचून करायची असते, सुतळी बांधून नव्हे.

दुसरं पुस्तक व्ही. ई. श्वाबचं, २०२० सालचं, ‘द इनव्हिजिबल लाइफ ऑफ एडी लारू’. १७१४ साली फ्रान्सच्या एका खेड्यातली मुलगी नको असलेलं लग्न टाळायला अंधारातल्या एका देवाशी सौदा करते. तिला अमरपण मिळतं आणि शाप असा की ती नजरेआड झाली की समोरचा माणूस तिला विसरतो. दरवाजा लागला, ओळख पुसली. पुन्हा दार उघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

हे पुस्तक मी सासूबाईंच्या पलंगाशी बसून वाचलं. त्यांना स्मृतिभ्रंश होता. डोनेपेझिलची पट्टी माझ्याच दुकानातून जायची आणि तिचा उपयोग किती होतो हे मला चांगलं माहीत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आले की त्या विचारायच्या, "तू कोण गं बाई?" मी नाव सांगायची. त्या म्हणायच्या, "छान नाव आहे." पुन्हा आत जाऊन आले की पुन्हा तेच. सव्वीस वर्षं त्या घरची सून असलेली मी, आणि दिवसातून आठ वेळा त्यांना नव्यानं भेटायची. त्या दिवसांत एडी हीच मला माझ्या जागी उभी असलेली एकटी बाई वाटायची. विसरली गेलेली माणसं काय करत असतील, रोज नव्यानं ओळख देताना कंटाळत कशी नसतील, हे मला त्या कादंबरीनं सांगितलं. मी घरातून कुठे पळाले नव्हते. दोन वाजता त्यांचं डायपर बदलायला उठायचं होतं, तोवर वाचत होते. वास्तवापासून पळणारं साहित्य असं काही याला म्हणायचं असेल तर समितीनं एकदा माझ्या जागी रात्रपाळी करावी.

त्यातही एक तक्रार आहेच. तीनशे वर्षं मिळाली आणि कादंबरीत ही बाई दिसते ती युरोप-अमेरिकेतच. एवढं आयुष्य मिळून एकदा इकडे यावंसं वाटू नये?

तिसरं, ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं ‘लेजंड्स अँड लाटेज’, २०२२ चं. तलवार चालवून कंटाळलेली एक धिप्पाड राक्षसीण कॉफीचं दुकान काढते, अशा शहरात जिथं कॉफी म्हणजे काय तेच कोणाला ठाऊक नाही. बस, एवढीच गोष्ट. सुतार शोधणं, जागा साफ करणं, दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं, हप्ता मागायला येणारे गुंड. माझं दुकान उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी एकच माणूस आला होता, तोही सुटे पैसे मागायला. त्यामुळे ही कादंबरी मला अद्भुत वाटलीच नाही. ती सरळ दुकानदारीची आहे. राक्षसिणीचं तिच्या जोडीदारणीवर जडलेलं प्रेमही इतकं हळू आणि अवघडत येतं की कोणत्याही आजीनं वाचावं. हे पुस्तक आणि ते गुलाबी मुखपृष्ठाचं पुस्तक तुमच्या एकाच गठ्ठ्यात आहेत.

एमिली हेन्रीच्या ‘बुक लव्हर्स’बद्दल थोडक्यात : प्रेमकथांमध्ये नायक जिला सोडून गावाकडच्या गोड मुलीकडे जातो ना, त्या सोडलेल्या, कामात बुडालेल्या शहरी बाईचीच ही गोष्ट आहे. माझ्या मते त्यातलं खरं प्रेम दोन बहिणींमधलं आहे. नायक ठीक आहे.

आणि या त्रेसष्टात वाईट पुस्तकं नाहीत का? आहेत. नायक नायिकेवर पाळत ठेवतो, तिनं कोणाशी बोलायचं हे ठरवतो, आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते, अशी निदान पाच-सहा मी वाचली. संतापून वाचली. कॉलेजच्या मुली ती हातात घेतात तेव्हा मला काळजी वाटते. पण त्यावर माझा उपाय असा की त्या मुलींशी त्या पुस्तकाबद्दल भांडावं. मी भांडतेही. माझी मुलगी रात्री फोनवर अशाच एका नायकाची बाजू घेत होती. चाळीस मिनिटं वाद झाला, शेवटी ती म्हणाली, "आई, तसा मुलगा खरंच भेटला तर मी पळून येईन, काळजी नको करू." पुस्तकच नसतं तर हे बोलणं आमच्यात कधी झालंच नसतं.

‘शेवट ठरलेला असतो’ असंही आपल्यापैकी एका सदस्यांनी म्हटल्याचं कानावर आलं. असतो. प्रेमकथेत दोघं शेवटी भेटतात हा त्या प्रकारचा करारच आहे. रहस्यकथेत खुनी सापडतो, सीतास्वयंवराच्या आख्यानात धनुष्य मोडतं ते रामाकडूनच. ते माहीत असूनच आपण मांडी घालून बसतो.

आता आपल्या कपाटांबद्दल. त्याच सभागृहात ऐतिहासिक कादंबऱ्यांची चार कपाटं आहेत. त्यांतल्या शृंगारावर समितीनं कधी सूचना लावलेली मला आठवत नाही. भुताखेतांच्या कथा आहेत, त्यांवर ‘अवास्तव’ असा शिक्का नाही. मराठी कादंबरी नुकती रांगत होती तेव्हाच ती अद्भुत प्रेमकथा सांगायला लागली : १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’. त्याच्याही मागे जायचं तर कोऊहल कवीची ‘लीलावई’ आहे, महाराष्ट्री प्राकृतातली, हजार वर्षांहून जुनी. आपल्या पैठणचा सातवाहन राजा, सिंहलद्वीपची राजकन्या, आणि मध्ये यक्ष, गंधर्व, सिद्ध यांची ही गर्दी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण दारात रांगोळी काढली होतीत. मी फोटोत आहे. ज्या जुन्या ठेव्याच्या जोरावर तो दर्जा मिळाला त्या ठेव्यात ही असली पुस्तकंच आहेत. रामटेकचं तर काय सांगू, विरहात वेडा झालेला यक्ष ढगाला पत्ता समजावून सांगतो ते तिथलंच, असं आपणच शाळेच्या सहलीत मुलांना सांगतो.

माझी आजी चांद्याची, म्हणजे आताच्या चंद्रपूरची. ती सांगायची त्या गोष्टी आपल्या समितीपुढे आल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाच्या अंगभर गाठी आणि फोड. शिकारीला गेला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं, ते प्यायला आणि तोंड धुतलं. रात्री गाढ झोप लागली. सकाळी राणीनं बघितलं तर फोड गेलेले. गावभर वैद्य हरले तिथं काय घडलं हे तिनंच खोदून विचारलं, त्याला घेऊन परत तिथं गेली, गवत-वाळू बाजूला केली तर खडकात गाईच्या खुरांचे ठसे आणि त्यात न आटणारं पाणी. तिथं आज अंचलेश्वराचं मंदिर आहे. मग राजाला दिसला एक ससा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, आणि तो कुत्र्याच्या पुढे पळत नव्हता, कुत्र्याच्या मागे लागला होता! ते दोघं ज्या वाटेनं धावले त्या वाटेवर राणीच्या सल्ल्यानं चांद्याचा परकोट बांधला गेला. आजी हे सांगताना फोड आणि ससा भराभर सांगायची आणि राणीपाशी थांबायची. "नवऱ्याच्या अंगावरचा एकएक फोड तिला पाठ होता," म्हणायची. "म्हणून तर गेलेला कळला."

ही प्रणयकथा की अद्भुतकथा? जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येही ती छापलेली आहे. आपल्या संदर्भ विभागात ते असेल तर सुतळी घेऊन तिकडेही जावं लागेल.

अजून एक गोष्ट, आणि ही पैशाची आहे. या कादंबऱ्या चारशे ते सातशे रुपयांना मिळतात. माझ्या दुकानात कामाला असलेली मुलगी बी.फार्म. करते, हिंगण्याहून येते. तिला महिन्याला एक घेणंही परवडत नाही. आपली फळी बंद झाली त्या आठवड्यात तिनं बर्डीच्या फूटपाथवरून दीडशेत एक आणली. चोरून छापलेली. २१२ पानानंतर थेट २४५, आणि त्यापुढची सोळा पानं उलटी शिवलेली. तिनं ती उलटी धरूनही वाचली. दर ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन जातात ते हेच शहर आहे. वाचणारा माणूस कुठून तरी पुस्तक मिळवतोच. आपण त्याला वाचनापासून वाचवलं नाहीत, फक्त चोरबाजारात पाठवलंत. आणि ज्या मुलीला आता घरी काही कळू न देता फूटपाथवरून घ्यावं लागतं, तिला कोणतं घे, कोणतं नको हे सांगायला काउंटरवर कोणी नाही.

मराठीत यातलं काही आपल्या फळीवर मला सापडलं नाही. ‘हॅरी पॉटर’ मराठीत आला, टोल्किन आला, तेव्हा भाषेला जमत नाही असं नाही. प्रौढ वाचकांसाठीची प्रेमाची आणि जादूची नवी गोष्ट मराठीतून मागितली तर मात्र ‘लेखक लिहीत नाहीत’ असं उत्तर मिळतं. कसे लिहितील? लिहिलं की ते कुठल्या खोलीत जाईल हे त्यांना आता दिसलंच आहे.

माझ्या मागण्या अशा :

सूचना काढावी आणि त्रेसष्ट पुस्तकं फळीवर परत लावावीत, पण प्रौढ विभागात. त्यांचं निर्लेखन करून रद्दीत देण्याचा विचार असेल तर तो आधी फलकावर लिहावा. माझ्या मुलीची अकरा पुस्तकं भेट म्हणून दिलेली आहेत, रद्दी म्हणून नाही.

ज्या पुस्तकांत उघड प्रसंग आहेत त्यांच्या कण्यावर लाल पट्टी लावावी आणि ती अठरा वर्षांखालच्या सभासदाला देऊ नयेत. कोणत्या पुस्तकाला पट्टी हवी हे वाचूनच ठरेल. रविवारी दुपारनंतर माझं दुकान बंद असतं. मी येऊन बसेन, पैसे नकोत. लाल रेघेचा मला अनुभव आहे.

यापुढे तक्रार आली तर ती एका पुस्तकाबद्दल लेखी घ्यावी, समितीतल्या किमान दोघांनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचावं आणि मग त्या एका पुस्तकाचा निर्णय करावा.

समितीत सात सदस्य आहेत आणि सातही पुरुष. या फळीवरची पुस्तकं कोण नेतं ते देवघेवीच्या नोंदवहीत बघा, बहुतेक नावं बायकांची आणि मुलींची आहेत. निदान दोन वाचक सदस्य त्यांच्यातून घ्यावेत, त्यातली एक पंचविशीच्या आतली असावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयात हे मागणं जगावेगळं नाही.

त्या सहावीतल्या मुलीच्या आईची माफी मागावी. चुकीच्या कपाटाबद्दल. तिनं फळी बंद करा असं म्हटलं नव्हतं, मी तिला विचारलं. ती माझ्याकडे पोरीच्या खोकल्याचं औषध न्यायला येते.

उत्तर सर्वसाधारण सभेच्या आधी फलकावर लावलंत तर बरं, म्हणजे सभेत वेळ जाणार नाही.

शेवटी एक हिशेबाची गोष्ट. ‘ऑनिक्स स्टॉर्म’ची आपली प्रत माझ्याकडे आहे. बंदीच्या आधी नेलेली, मुदत कधीच संपली. परत करायला आले तेव्हा काउंटरवर सांगितलं की ती जमा करून मागच्या गठ्ठ्यात जाईल. मी ती परत घेऊन आले. सध्या ती माझ्या काउंटरखाली ओआरएसच्या खोक्यावर आहे आणि हिंगण्याची पोरगी दुपारी वाचून राहिली आहे. फळी लागली की त्याच दिवशी आणून देईन. रोजचा एक रुपया दंड चालू द्या, किती झाला तेवढं कळवा.

आपली,
नंदनवनची एक औषधविक्रेती व सभासद
नागपूर